तारीख सांगा, मग खुर्चीवर बसा

निवडणुकीचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. पुणे-सातारा महामार्गावर वरवे बुद्रुकला चहाला थांबा, नाहीतर भोरच्या एसटी स्टँडवर उभे राहा. वाक्य तेच. ‘हे पुढारी घालवा आणि एखादा शिकलेला, हिशेबाला पक्का माणूस आणून बसवा. अर्थतज्ज्ञ असला तर मग बघायलाच नको.’

आणून बसवा? कोणी आणायचा?

आणि बसलेला उठणार कधी?

पहिल्या वाक्यावर सगळे माना डोलावतात. या दोन प्रश्नांवर चहा संपतो आणि मंडळी पांगतात. पांगू नका. सगळा मामला या दोन प्रश्नांतच आहे.

राग खरा आहे, हे आधी मान्य. भाटघर इथे, नीरा देवघर इथे, गुंजवणी इथे, पानशेत आणि वरसगावही इथेच. भोर-वेल्ह्याने डोंगर दिले, जमिनी दिल्या, पाणी खाली गेलं. वरच्या वाड्यावस्त्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. अशा मुलखातल्या माणसाने पुढाऱ्याला दोन शब्द सुनावले, तर त्याचं काय चुकलं?

चुकतो तो उपाय.

कारण हा उपाय नवा नाही. अर्थशास्त्राचा माणूस हंगामी म्हणून देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला, असं आपल्याकडे झालेलं आहे. एकदा नाही, दोनदा. माणूस एकच.

गुलझारीलाल नंदा.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना नाव पाठ असतं. दोनदा हंगामी पंतप्रधान कोण? नंदा. गुण घ्या, पुढचा प्रश्न. त्या एका गुणात एक अख्खी कारकीर्द पुरली गेली आहे. ती जरा उकरू, कारण तिचा मोठा भाग मुंबईत घडला आणि तिचा चटका घाटावरच्या घरांनाही बसला.

जन्म १८९८ चा, सियालकोटचा. अलाहाबाद विद्यापीठात कामगारांच्या प्रश्नांवर संशोधन. १९२१ मध्ये मुंबईच्या नॅशनल कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्याच वर्षी असहकाराच्या चळवळीत उडी. पुढच्या वर्षी अहमदाबादच्या मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेचे चिटणीस, आणि तिथे थेट १९४६ पर्यंत. मधे दोनदा तुरुंग.

मजुरीचं अर्थशास्त्र आधी शिकले, मग शिकवलं, मग चोवीस वर्षं गिरणी कामगारांमध्ये राहून पडताळलं. असा अर्थतज्ज्ञ आज दाखवा.

आणि ते निवडून आले होते. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत, पुढे अनेकदा लोकसभेत. कोणी त्यांना आणून बसवलेलं नव्हतं. तज्ज्ञाचं कौतुक करताना नेमकी हीच ओळ आपण गाळतो.

आता त्या खुर्चीकडे वळू.

२७ मे १९६४. दुपारी पंडित नेहरू गेले. मंत्रिमंडळात त्यांच्या खालोखाल ज्येष्ठ नंदा, म्हणून त्याच दिवशी नंदांचा शपथविधी. ९ जूनला लालबहादूर शास्त्रींनी शपथ घेतली. नंदा बाजूला झाले.

११ जानेवारी १९६६. ताश्कंदहून शास्त्रींच्या निधनाची बातमी. पुन्हा नंदा. २४ जानेवारीला इंदिरा गांधींचा शपथविधी. नंदा पुन्हा बाजूला झाले.

दोन्ही वेळा तेरा दिवस.

हे सोपं वाटतं? तेव्हाचे गृहमंत्रीही तेच. गुप्तवार्ता विभाग त्यांच्याच हाताखाली. दुसऱ्या खेपेला तर पाकिस्तानशी युद्ध होऊन चार महिनेही उलटले नव्हते आणि ताश्कंदच्या करारावरची शाई ओली होती. ‘परिस्थिती नाजूक आहे, घाई नको’ हे वाक्य जिभेवर आयतं होतं. आपल्याकडे याहून फुटकळ कारणांवर लोकांनी वर्षं काढली आहेत.

नंदांनी ते वाक्य उच्चारलं नाही.

१९ जानेवारीला काँग्रेसच्या संसदीय पक्षात मतदान झालं. इंदिरा गांधी ३५५, मोरारजी देसाई १६९. पाच दिवसांत खुर्ची मोकळी. नंदांच्या मनात स्वतः पंतप्रधान व्हायचं होतं की नव्हतं, यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. हातात आलेली सत्ता दोनदा सुखरूप पुढे दिली, हे घडलेलं आहे.

मग त्या तेरा दिवसांत अर्थव्यवस्थेचं त्यांनी काय केलं?

काही नाही. करायचंच नव्हतं. घरधनी परगावी गेला तर शेजारी किल्ली सांभाळतो. घराचे वासे बदलत नाही.

इथवर तुम्हीही मान डोलावली असेल. आता खरी परीक्षा.

नंदांनी खुर्चीत काही बदललं नाही, पण कायद्यात बदललं. आणि तो कायदा मुंबईच्या गिरणगावाने, म्हणजे भोर, वेल्हे, सातारा, रत्नागिरीतून पोट भरायला गेलेल्या माणसांनी चाळीस वर्षं भोगला.

गोष्ट १९३७ पासून सुरू होते. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार आलं. नंदा संसदीय सचिव. खाती कामगार आणि अबकारी. १९३८ मध्ये सरकारने औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला. हेतू चांगला: तंटा झाला की आधी समेट, मग बाकी. पण त्या वाटेवर संप करणं कामगाराला अवघड झालं; वाट सोडून केलेला संप बेकायदा.

विधानसभेत या विधेयकाला विरोध करायला कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

कोलंबियाची पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एससी., आणि नंदा मुंबईत यायच्या आधी याच शहरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून गेलेले. म्हणजे सरकारी बाकावर अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि समोर अर्थशास्त्राचा दुसरा प्राध्यापक. प्रश्न एक, उत्तरं उलटी.

आता सांगा, ‘अर्थतज्ज्ञ बसवा’ म्हणजे यातला कोणता?

७ नोव्हेंबर १९३८ ला या कायद्याविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र रस्त्यावर उतरले. कायदा राहिला.

१९४६ मध्ये नंदा मुंबई प्रांताचे कामगारमंत्री झाले आणि त्यांनी मोठा कायदा पुढे रेटून मंजूर करून घेतला. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम. गिरणगावात त्याला ‘बीआयआर’ म्हणत. लालबाग-परळमध्ये त्या काळी ज्याचं बालपण गेलं, त्याला ही तीन अक्षरं समजावून सांगावी लागत नाहीत.

कायद्याचा गाभा असा. एका भागात एका धंद्याची एकच प्रातिनिधिक युनियन. ठरावीक टक्के सभासद दाखवले की सरकारदरबारी तिची नोंद. एकदा नोंद झाली, की मालकाशी बोलायचा हक्क तिचाच. करार तीच करणार, आणि तो सगळ्यांना लागू. तिच्या सभासदांना आणि तिचं तोंडही न बघणाऱ्यांना.

कागदावर किती नीटनेटकं! भांडणं कमी, बोलणी एकाशीच, उत्पादन चालू. अहमदाबादेत नंदांनी लवाद आणि सामोपचाराने मजुरीचे तंटे मिटताना बघितले होते. त्यांना वाटलं, तीच घडी मुंबईत बसेल.

मुंबईत मान्यता मिळाली राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगाराचं मन त्या संघावरून उडालं, तर?

तर काही नाही. तिथेच तो अडकला.

गुप्त मतदानाने युनियन बदलायची सोय त्या कायद्यात नव्हती. सभासदसंख्येच्या पावत्या, नोंदी, निबंधकाची चौकशी, कोर्टकचेऱ्या. हजारो माणसं दुसऱ्या झेंड्याखाली उभी राहिली, तरी मालकासमोर बसणार जुनाच संघ. कामगाराने ज्याला नाकारलं, तोच कायद्याने त्याचा प्रतिनिधी.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ, बोनस या मागण्या होत्याच. त्यांच्या जोडीला मागणी होती, हा कायदा रद्द करा आणि मजदूर संघाची मान्यता काढा. सरकार म्हणालं, बोलणी मान्यताप्राप्त संघाशीच. कायदा तेच सांगत होता.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या. माणसं ट्रंक घेऊन गावी परतली.

संप फसण्याला कारणं अनेक होती. मालकांना गिरण्यांपेक्षा गिरण्यांखालच्या जमिनीत रस वाटू लागला होता, यंत्रमाग वाढले होते, यंत्रसामग्री जुनाट झाली होती, दिल्ली हटून बसली होती. सगळं पाप नंदांच्या माथी मारणं अन्याय होईल. पण बोलण्यांचं दारच त्या कायद्याने लावून घेतलं होतं, यात शंका नाही.

आणि तो कायदा करणारा माणूस लबाड नव्हता. भ्रष्ट तर मुळीच नव्हता. त्यांना आयुष्याच्या अखेरीस अहमदाबादेत मुलीकडे राहावं लागलं. १९९७ मध्ये भारतरत्न मिळालं आणि पुढच्याच जानेवारीत ते गेले. इतका स्वच्छ माणूस, इतका अभ्यास, कामगारांबद्दल इतकी कळकळ. तरीही.

तरीही एक गोष्ट राहिली: प्रतिनिधी नको झाला तर तो बदलायचा कसा?

माझ्या लेखी नंदांच्या कारकिर्दीचे दोन तुकडे पडतात. खुर्चीतले नंदा मला वंदनीय आहेत, कारण ते उठले. कायद्यातले नंदा मला मान्य नाहीत, कारण त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी असं बसवून ठेवलं, की उठवणारे हतबल झाले.

विद्वत्ता दोन्ही ठिकाणी तेवढीच होती.

  

आता वरवे बुद्रुकला परत या. दिल्ली आणि परळ इथून लांब वाटतात? नाहीत.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या. साठावं वर्ष सरत आलं आणि मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली. निवडणूक झाली नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले. भोर पंचायत समितीची सूत्रं गटविकास अधिकाऱ्याकडे.

किती दिवसांसाठी?

कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजही कोणाला वाटली नाही.

ओबीसी आरक्षणाचा खटला, गटांची संख्या वाढवणं, सरकार बदलल्यावर ती पुन्हा कमी करणं, ‘परिस्थिती जैसे थे ठेवा’ असा न्यायालयाचा आदेश. कारणं खरी होती. पण राज्यघटना काय म्हणते? कलम २४३-ई. पंचायतीची मुदत पाच वर्षं, एक दिवसही जास्त नाही. मुदत संपण्याआधी निवडणूक. मधेच बरखास्त झाली तर सहा महिन्यांत. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून हे लिहून ठेवलेलं आहे.

या नियमाचं काय झालं? ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की चार आठवड्यांत अधिसूचना काढा आणि चार महिन्यांत निवडणुका उरका. मार्च २०२२ ते मे २०२५, तीन वर्षं उलटून गेल्यावर. ती मुदतही पाळली गेली नाही. ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावी लागली.

नंदांचे तेरा दिवस आठवा आणि हे वर्षांचं गणित करा.

अधिकारी वाईट होते, असं मी म्हणत नाही. काही जण तर कष्टाळू असतात, कागदाला पक्के असतात, फोन उचलतात. म्हणजे चहाच्या टपरीवर मागितलेला तोच ‘शिकलेला, हिशेबातला माणूस’. तुमची मागणी पूर्ण झाली होती. तीन वर्षांहून जास्त.

मग टँकर थांबले का?

फरक कुठे पडतो ते सांगतो. गटाचा सदस्य असेल, तर त्याला लग्नात गाठता येतं, यात्रेत अडवता येतं, दशक्रियेला चार माणसांत विचारता येतं, ‘रस्त्याचं काय झालं?’ तो टाळेल, थाप मारेल, पण पाच वर्षांनी तो पुन्हा तुमच्याच दारात येणार. प्रशासक दारात येणार नाही. त्याची बदली होईल. त्याच्या पुढच्या नोकरीत वरव्याचं मत कुठेच मोजलं जात नाही.

हे गाऱ्हाणं भावनेचं आहे, असं कोणाला वाटत असेल तर पैशाचं बोलू.

पंधराव्या वित्त आयोगाच्या अध्यक्षपदी एन. के. सिंह होते, म्हणजे अर्थकारणातलं मोठं नाव. या आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या निधीला अट घातली: संस्था रीतसर गठित झालेली हवी. निवडून आलेली संस्था नसेल, तर निधीला मुकावं लागणार. ज्यांच्या नावाने आपण निवडणूक टाळायला निघालो, त्या अर्थशास्त्राच्या माणसांनीच लिहून दिलं, की आधी निवडणूक घ्या.

याहून स्पष्ट कसं सांगायचं?

आणि ‘आणून बसवा’चा प्रयोगही गावपातळीवर होता होता राहिला. २०२० मध्ये, करोनाच्या वर्षी, राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींची मुदत संपत होती. सरकारी आदेश निघाला, पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने ‘योग्य व्यक्ती’ प्रशासक नेमा. योग्य कोण, हे कोण ठरवणार? सल्ला देणारा. म्हणजे मंत्र्याचा माणूस मागच्या दाराने सरपंच. लोक उच्च न्यायालयात गेले, म्हणून ते टळलं आणि सरकारी कर्मचाऱ्यांकडेच काम आलं. १५ जानेवारी २०२१ ला चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान झालं.

साथ चालू होती. तरी झालं. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

याच महाराष्ट्राने हंगामीपण नीट निभावलेलंही आहे. २४ नोव्हेंबर १९६३ ला मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार गेले. परशुराम कृष्णाजी सावंत हंगामी मुख्यमंत्री झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वसंतराव नाईक आले, सावंत बाजूला झाले. आज किती जणांना सावंतांचं हे पद माहीत आहे? फार थोड्यांना. हंगामी माणसाचं काम चोख झालं, की असंच होतं.

बाहेरच्या जगात डोकावलं तरी हाच हिशेब.

बांगलादेशात जुन्या नियमाने काळजीवाहू सरकारला नव्वद दिवस मिळत. जानेवारी २००७ मध्ये फख्रुद्दीन अहमद त्या सरकारचे प्रमुख झाले. प्रिन्स्टनचे डॉक्टरेट, जागतिक बँकेतला अनुभव, बांगलादेश बँकेचे माजी गव्हर्नर. चहाच्या टपरीवरचं स्वप्न हुबेहूब उतरलेलं! त्यांनी काम केलं, हे खरं. आठ कोटींवर मतदारांची छायाचित्रांसह यादी त्यांच्याच काळात झाली. पण पाठीशी लष्कर, देशात आणीबाणी, शेख हसीना आणि खालिदा झिया या दोघी माजी पंतप्रधान तुरुंगात, आणि निवडणूक २९ डिसेंबर २००८ ला.

नव्वद दिवसांची जवळपास दोन वर्षं झाली.

८ ऑगस्ट २०२४ ला त्याच ढाक्यात मुहम्मद युनूस यांनी शपथ घेतली. चितगावला अर्थशास्त्र शिकवणारा हा प्राध्यापक शेजारच्या जोब्रा गावात गेला आणि बेचाळीस गरिबांना मिळून सत्तावीस डॉलर कर्ज दिलं. त्यातून ग्रामीण बँक, २००६ चं शांततेचं नोबेल. आपल्या बचत गटांतल्या बायांना या कामाचं मोल कोणी शिकवायला नको. पण राज्याची सूत्रं हाती येताच याच युनूस यांना पहिल्या आठवड्यापासून एकच प्रश्न विचारला गेला: निवडणूक कधी? फेब्रुवारी २०२६ हा महिना जाहीर करायला त्यांना वर्ष लागलं.

नोबेलने त्या प्रश्नातून सुटका होत नाही. होऊही नये.

युरोपात २०११ च्या एकाच नोव्हेंबरमध्ये दोन अर्थतज्ज्ञ पंतप्रधान झाले. ग्रीसमध्ये लुकास पापाडेमोस, इटलीत मारिओ मोंटी. पापाडेमोस सहा महिन्यांत निवडणूक घेऊन घरी गेले. मोंटी थांबले आणि २०१३ मध्ये लोकांसमोर मत मागायला उतरले. त्यांच्या आघाडीला दहा टक्क्यांच्या आसपास मतं पडली. बसवलेला माणूस आणि निवडलेला माणूस यांतलं अंतर इटलीच्या मतदाराने मोजून दिलं.

आता घाटापलीकडच्या एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय मला थांबवत नाही.

भोरहून वरंधा घाट उतरलं, की महाड. महाडजवळचं नाते हे चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव. केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकले. अर्थकारण नोकरीत आत्मसात केलं आणि असं केलं, की १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताची बाजू मांडली. १९५० मध्ये अर्थमंत्री. १९५२ मध्ये कुलाब्यातून निवडून आले.

हंगामी पद त्यांच्या वाट्याला आलं नाही. खुर्ची सोडायची वेळ मात्र आली.

१९५६. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं. मुंबईत गोळीबार झाला, माणसं मेली. देशमुखांनी लोकसभेत उभं राहून सांगितलं, की निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चेला आलाच नाही आणि गोळीबाराची चौकशी झाली पाहिजे. राजीनामा दिला आणि बाहेर पडले.

त्यांच्या रागाचं मूळ काय होतं? लोकांच्या वतीने लोकांना न विचारता ठरवलं गेलं. गिरणी कामगाराचा राग तोच होता. प्रशासकाच्या काळात वरव्याच्या माणसाला जे खुपलं, तेही तेच.

म्हणून अर्थतज्ज्ञांना हाकला, असं म्हणणारा मी नाही. उलट, त्यांना जवळ बसवा. जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक त्यांच्याकडून तपासून घ्या. धरणाचं पाणी खाली किती जातं आणि वर किती राहतं, याचा हिशेब मांडायला लावा. आणि तो हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचा. निवडणुकीला उभे राहिले, तर मतंही द्या. नंदा उभे राहिले होते, देशमुख उभे राहिले होते. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मत न मागता खुर्ची मागणाऱ्याला मात्र पहिला प्रश्न पदवीचा नको, तारखेचा हवा.

वरव्याच्या, भोरच्या, वेल्ह्याच्या वाचकांनो, यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. एकीत हा ठराव मांडा: आमच्या ग्रामपंचायतीवर, पंचायत समितीवर किंवा जिल्हा परिषदेवर पुन्हा प्रशासक बसला, तर त्याच्या नेमणुकीच्या पत्रावर जायची तारीख असावी आणि ती सहा महिन्यांपलीकडची नसावी. त्या तारखेनंतर पाणी, दिवाबत्ती आणि पगार सोडून एकाही नव्या कामावर त्याची सही चालू नये. ठराव तालुक्याला पाठवा, जिल्ह्याला पाठवा, आमदारांना पाठवा. पुढच्या वेळी मत मागायला जो कोणी येईल, त्याच्या हातात प्रत ठेवा आणि पाठिंबा लेखी घ्या.

ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. दोघंही आपल्याच गावात आहेत. पुढच्या ग्रामसभेला त्यांना घेऊन या.